बीएमआय सामान्य, पण रुग्ण खंगलेला दिसतो: पोषण-मूल्यमापन कसे नोंदवावे?

प्रश्न: परिचर्या पदवी, तृतीय वर्षाची विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. मेडिकल वॉर्डमधील प्रात्यक्षिकात ७६ वर्षांच्या एका आजोबांची केस माझ्याकडे आहे. वजन ६१ किलो, उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) २४ च्या आसपास येतो आणि त्यामुळे दाखल करतानाच्या तक्त्यात 'पोषणस्थिती समाधानकारक' अशी नोंद आहे. मात्र त्यांच्या दोन्ही पावलांवर सूज आहे, कानशिलांपाशी खोलगटपणा आला आहे आणि जेवणाचे ताट बहुतेक वेळा निम्मे परत जाते. सीरम अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) कमी आले आहे आणि तेवढ्यावरून कुपोषण सिद्ध होते, असे काही सहाध्यायी म्हणतात. केस स्टडीत मी काय लिहावे? आणि बालके, गर्भवती व वृद्ध या सर्वांसाठी एकच तक्ता वापरणे योग्य आहे का?

उत्तर १: वॉर्डच्या प्रभारी सिस्टर

तुम्ही पाहिलेले योग्य आहे, आणि ते आजच नोंदवा. बीएमआय स्नायू, चरबी आणि पाणी यांत भेद करत नाही. अंगात साठलेले एक लिटर पाणी काट्यावर एक किलो म्हणूनच दिसते. म्हणून आजच्या वजनापेक्षा तीन ते सहा महिन्यांपूर्वीचे वजन अधिक बोलते. ते रुग्णाला, नातेवाइकांना विचारा, जुन्या केसपेपरवर शोधा. कुपोषणाचा धोका ओळखण्याच्या 'मस्ट' या चाळणी-पद्धतीत, प्रयत्न न करता ५ ते १० टक्के वजन घटले असल्यास १ गुण आणि १० टक्क्यांहून अधिक घटले असल्यास २ गुण मिळतात. एकूण २ गुण झाले की धोका उच्च मानला जातो, मग बीएमआय कितीही चांगला असो. पासष्टीपुढील रुग्णांसाठी 'एमएनए' या पोषण-मूल्यमापन पद्धतीचा संक्षिप्त तक्ता अधिक योग्य आहे, कारण त्यात हालचाल, आजार आणि मानसिक स्थितीही विचारात घेतली जाते. त्यात १४ पैकी ७ किंवा कमी गुण म्हणजे कुपोषण आणि ८ ते ११ म्हणजे धोका. बीएमआय काढता येत नसेल तर पोटरीचा घेर घेण्याची सोय त्यात आहे, परंतु सूज पोटरीपर्यंत चढली असेल तर ते मापही फसवे ठरेल.

आता ताटाविषयी. 'आहार घेतला' ही नोंद मला सर्वाधिक खटकते, कारण तिच्यातून काहीच कळत नाही. किती खाल्ले, काय ठेवले आणि का ठेवले, हे लिहा. कवळी सैल झाली आहे का, औषधांमुळे तोंड कोरडे पडते का, पाणी पिताना ठसका लागतो का, ताट हाताला पोहोचेल असे ठेवले जाते का, जेवणाच्या वेळीच तपासणीसाठी नेले जाते का? यांपैकी बऱ्याच अडचणी परिचारिका स्वतः दूर करू शकते. गिळण्याचा त्रास असेल तर मात्र तज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत आग्रहाने भरवू नये.

उत्तर २: आहारतज्ज्ञ

अल्ब्युमिनवरून कुपोषणाचे निदान करू नका. शरीरात दाह किंवा संसर्ग असताना यकृत त्याची निर्मिती कमी करते आणि ते रक्तवाहिन्यांबाहेरही झिरपते. त्यामुळे ते आजाराची तीव्रता सुचवते, आहाराची कमतरता नव्हे.

उत्तर ३: बालरोग विभागातील परिचारिका

एकच तक्ता चालणार नाही. लहान मुलाच्या बाबतीत एका दिवसाच्या वजनापेक्षा वाढीच्या आलेखाची दिशा महत्त्वाची असते. नवजात बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे घटणे स्वाभाविक आहे आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत येते; न आल्यास स्तनपान प्रत्यक्ष पाहावे. ६ ते ५९ महिन्यांच्या बालकात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. तुमच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट अशी की, याच वयात दोन्ही पावलांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज असेल आणि तिचे दुसरे कारण नसेल, तर वजन कितीही असले तरी ते तीव्र कुपोषणच समजतात. गर्भवतीच्या बाबतीत वेळ निर्णायक असते: गर्भाची चेतानलिका (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू तयार होतात) गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड गर्भधारणेपूर्वीच सुरू करायला हवे.

विद्यार्थिनी:

मनःपूर्वक आभार. चार महिन्यांपूर्वीच्या केसपेपरवर वजन ६८ किलो आहे. त्यांना लघवी वाढवणारे औषधही सुरू आहे. आता लगेच भरपूर प्रथिने व उष्मांक द्यावेत का?

उत्तर ४: आहारतज्ज्ञ

७ किलोंची घट म्हणजे १० टक्क्यांहून थोडी अधिक, आणि सूज वजा केली तर खरी घट याहूनही मोठी असणार. त्यामुळे 'मस्ट'मध्ये बीएमआयचा शून्य गुण धरूनही धोका उच्च येतो. नोंद बदलण्यासाठी प्रभारी सिस्टर आणि डॉक्टरांना आजच कळवा. वृद्धांना प्रतिकिलो रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात आणि आजारपणात त्याहून अधिक, परंतु मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टर ठरवतील. एवढी घट आणि त्यात हे औषध असताना आहार एकदम वाढवला, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊन हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आधी या तिन्हींची तपासणी आणि थायामिन (जीवनसत्त्व बी-१) यांविषयी डॉक्टरांना विचारा, उष्मांक टप्प्याटप्प्याने वाढवा आणि पहिले काही दिवस नाडी, श्वसन, सूज व रोजचे वजन यांची नोंद ठेवा.