मुलाचा जीव वाचवायचा असला तरी आरोपीला धमकावायचं नाही? नियम इतका कडक असावा का?

रानवारा
काल मित्रांमध्ये कडाक्याचं वाजलं म्हणून इथे टाकतोय. नीतीचा एखादा तरी नियम असा आहे का जो काहीही झालं तरी मोडायचाच नाही? माझ्या मते एक नक्की आहे, ताब्यातल्या माणसाचा छळ करायचा नाही. आणि मुद्दाम मलाच जड जाणारी केस देतो.

२००२, फ्रँकफर्ट. एका बँकरच्या ११ वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. करणारा गेफगेन, कायद्याचा विद्यार्थी. त्याने १० लाख युरो खंडणी उचलली, पोलीस पाळतीवर होतेच, पकडला. पण मुलगा कुठाय ते काही सांगेना, दिशाभूल करत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस उपप्रमुख डाश्नर यांनी हाताखालच्याला आदेश दिला, की बोलला नाहीस तर भयंकर वेदना देऊ असं त्याला सांग. थोड्याच वेळात तो बोलला. मुलाला त्याने आधीच मारलं होतं, तळ्याकाठी मृतदेह मिळाला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की नुसती धमकी असली तरी ही अमानुष वागणूकच, आणि मुलाला वाचवायचं होतं हे कारण इथे चालत नाही. मला हे पटतं.

मोरपीस
मला अजिबात नाही पटत. माझा लेक त्याच वयाचा आहे आणि त्या सकाळी मुलगा जिवंत असेल असंच पोलिसांना वाटत होतं ना, मग त्या माणसाला दहा मिनिटं भीती वाटली हे आणि पोराचा जीव हे एका तराजूत घालायचं तरी कसं? वर २०११ मध्ये त्या खुन्याला ३,००० युरो भरपाई! कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो बघा, कायम खरंच बोलायचं व्रत घेतलेला. दरोडेखोरांना घाबरून माणसं रानात लपली, दरोडेखोरांनी याला विचारलं, याने खरं ते सांगून टाकलं, सगळी मारली गेली. कौशिक नरकात गेला. व्रत राहिलं, माणसं गेली.

रानवारा
पण तिथेच कृष्ण म्हणतो की न बोलता सुटका होत असेल तर बोलूच नये. कौशिकाला गप्प राहायचा मार्ग होता.

मोरपीस
पुढची ओळ पण सांगा की! गप्प राहून संशय येणार असेल तर तिथे खोटं बोलणंच बरं, हे पण कृष्णच म्हणतो. म्हणजे नियम माणसांसाठी आहे.

वकीलभाऊ
जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो म्हणून बोलतो. मोबाईल चोरीच्या संशयातला एक पोरगा रिमांडला आणलेला पाहिलाय, चप्पल हातात, कारण तळपाय सुजून पायात जात नव्हती. विचारलं तर म्हणे जिन्यावरून पडला. तिथे कोणाचा जीव टांगणीला होता? पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा धरायचा नाही हे आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात आलं ते उगाच नाही, त्याआधी १८५४ ला मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करायला सरकारलाच कमिशन नेमावं लागलं होतं. जीव वाचवायला म्हणून दार उघडाल आणि आत जाणार हा मोबाईलवाला पोरगा.

गणिती
वकीलभाऊ, हा गैरवापराचा मुद्दा झाला. गैरवापर होतो म्हणून नियम कडक ठेवा, हे ठीक, पण मग तो परिणाम बघूनच केलेला नियम झाला ना, स्वयंभू कुठे राहिला? आणि डाश्नर २००४ मध्ये दोषी ठरले पण शिक्षा काय, ताकीद देऊन दंडसुद्धा राखून ठेवला. जर्मन कोर्टालाही आतून माहीत होतं की हा माणूस सरळ गुन्हेगार नाही.

रानवारा
मोरपीस, एक मान्य, खरं बोलण्याच्या नियमाला अपवाद असतात. पण छळाचं वेगळं आहे असं मला मनापासून वाटतं. तिथे समोरचा पूर्ण तुमच्या हातात असतो, त्याच्या शरीराचाच वापर करून त्याचं मन मोडायचं, आणि हे गेफगेनसारख्यालाही करायचं नाही असं म्हटलं तरच तो नियम. गणिती, शिक्षा सौम्य झाली पण दोष पुसला नाही. कोर्टाने असं नाही म्हटलं की पुढच्या वेळी चालेल.

मोरपीस
म्हणजे माझ्या पोरासाठी एखाद्या प्रामाणिक अधिकाऱ्याने स्वतः गुन्हेगार व्हायचं आणि बाकी समाजाने नियम जपल्याचं समाधान मानायचं. हा त्या अधिकाऱ्यावर अन्याय आहे, आणि हे तुम्हाला टोचत कसं नाही?

वकीलभाऊ
टोचतं, ताई. तरी तेच मागतोय. डाश्नर यांनी धमकीची नोंद स्वतःच्या हाताने फाईलला लावली होती, म्हणून तर खटला उभा राहिला. आमच्या त्या पोराच्या कागदांवर फक्त 'जुनी जखम' लिहिलं होतं. तुमचा अपवाद कायद्यात आला तर तेवढंही लिहायची गरज उरणार नाही.

मोरपीस
मग अपवादाला न्यायाधीशाची परवानगी लागेल अशी अट घाला. वर हो म्हणणारा कोणीतरी सही करून जबाबदार राहील.

वकीलभाऊ
आणि त्या न्यायाधीशाने सही कशाच्या जोरावर करायची? मुलगा जिवंत आहे असं पोलीस सांगतात म्हणून? फ्रँकफर्टलाही तसंच वाटत होतं.