मदत हवी आहे : नाताळला पंचवीस जणांचं भरीत

मंडळी, भुसावळला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे आम्ही दर नाताळला जेवायला जातो. यंदा ते सगळे 25 तारखेला सकाळचं चर्च आटोपून आमच्या शेतावर येणार आहेत, पुण्याचे पाहुणे धरून पंचवीस जण. डिसेंबर म्हणजे भरीत, त्यात दुमत नाही.

वांगी बामणोदची आणणार. माणशी किती धरायची? काही जणं पहिल्यांदाच खाणार आहेत, पण आपल्याकडे भरीत कमी पडलं की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं!

दुसरं म्हणजे, मागच्या वेळी भरीत पाणचट झालं होतं. वांगी तुराट्यांवरच भाजली, साल नीट सुटली, पण गरम असतानाच झाकून ठेवली आणि तळाशी वाटीभर काळं पाणी जमलं. दुपारी भाजून, ठेचून ठेवायची आणि संध्याकाळी तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून परतायची, असं चालेल का? की चव उतरते? सासूबाई म्हणतात लगेच परत, पण मग पाहुण्यांशी बोलणार कोण?

कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद कोणत्या प्रमाणात दळून आणता तेही सांगा. माझ्या भाकरीला थापतानाच चिरा पडतात.

केक मैत्रीण आणतेय, त्यामुळे गोडाची काळजी नाही. तिच्या आईंना तिखट अजिबात सोसत नाही, त्यांच्यासाठी बिनमिरचीचं वेगळं काढावं की सरळ वरण-बट्टी करावी?