एल१ वरच्या डेटावरून चुंबकीय वादळाचा इशारा: वेग ६०० च्या वर जातो, तरी वादळ येत नाही

वेधनोंद:
पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला असलेल्या एल१ बिंदूवरच्या यानांचा दर मिनिटाचा डेटा वाचणारी पायथन स्क्रिप्ट लिहिली आहे. सौरवाऱ्याचा वेग ६०० किमी/से ओलांडला की इशारा. पण बरेच इशारे फुकट जातात, केपी (चुंबकीय खळबळ सांगणारा ० ते ९ चा निर्देशांक) जेमतेम ४ पर्यंत पोचतो. उलट कधी वेग ४५० असताना वादळ होतं. सोलापूर भागातल्या आरटीके (उपग्रहांच्या सिग्नलवरून सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा मोजणाऱ्या) सर्वेक्षणाच्या वेळा यावर ठरवायच्या आहेत. निकष काय लावावा?

दक्षिणघटक:
वेग हा निम्माच हिशेब झाला. सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, म्हणजे बीझेड ऋण झाला, तरच पृथ्वीच्या चुंबकावरणात ऊर्जा नीट शिरते. म्हणून वेग गुणिले दक्षिण घटक घ्या. ५०० किमी/से आणि −१० नॅनोटेस्ला म्हणजे ५ मिलिव्होल्ट प्रतिमीटर. एवढं सलग तीन तास टिकलं तर डीएसटी (वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती नॅनोटेस्ला घटलं ते सांगणारा निर्देशांक) −१०० च्या आसपास किंवा खाली जातो, हा जुना आणि अजूनही उपयोगी निकष.

तुमचे फुकट इशारे बहुधा कोरोनल छिद्रांतून (सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या विरळ भागांतून) येणाऱ्या वेगवान झोतांचे असावेत. तिथे वेग ६००–७०० असतो, पण बीझेड काही मिनिटांत वरखाली होत राहतो. त्याउलट ४०० च्या संथ चुंबकीय ढगात (सूर्यातून आलेल्या, पिळदार क्षेत्र असलेल्या वायूच्या ढगात) बीझेड −१५ वर दहा तास टिकला, तर ६ मिलिव्होल्ट होतात. इथे टिकण्यालाच महत्त्व आहे.

अक्षांश१८:
निकष बदलण्याआधी फाइलमधले स्तंभ तपासा. बीझेड जीएसएम निर्देशकांतला (पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाला धरलेला) हवा, जीएसई (पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला धरलेला) नव्हे. ऋतू आणि वेळ यांनुसार या दोहोंतला कोन ३० अंशांच्याही वर जातो. बीवाय (क्षेत्राचा आडवा, पूर्व-पश्चिम घटक) १५ नॅनोटेस्ला असेल, तर तेवढ्या कोनामुळे बीझेडमध्ये साडेसात नॅनोटेस्लाची चूक शिरते आणि पूर्ण वादळ खोटं ठरतं.

दुसरं, डेटा नसतो तिथे −९९९९ सारखा आकडा भरलेला असतो. सरासरीआधी तो काढला नाही तर ‘महाभयंकर बीझेड’ मिळेल. सौर प्रोटॉनांचा मारा जोरात असला की वेग आणि घनता मोजणारं उपकरण बिघडलेले आकडे देतं, मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) मात्र चालू राहतो. अशा वेळी शेवटचा विश्वासार्ह वेग धरून ठेवा. अर्ध्या तासाची सरकती सरासरी घ्या. आणि वेळा यूटीसी असतात, साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

वेधनोंद:
पण एल१ पंधरा लाख किमीवर आहे. ४०० वेगाला तासभर, ८०० ला अर्धा तास. सीएमई (सूर्याने बाहेर फेकलेला चुंबकित वायूचा ढग) सूर्यावरून निघतानाच बीझेड का सांगता येत नाही?

कोरोनाग्राफ:
कारण कोरोनाग्राफला (सूर्यबिंब झाकून भोवतालचं वातावरण टिपणाऱ्या दुर्बिणीला) दिसतो तो इलेक्ट्रॉनांनी विखुरलेला प्रकाश. त्यातून दिशा, रुंदी, वेग मिळतो. आतल्या क्षेत्राचा पीळ नाही. एन्लिलसारख्या सौरवाऱ्याच्या संगणकी प्रारूपात हेच आकडे २१.५ सौरत्रिज्यांवर भरतात आणि सीएमईला चुंबकीय रचना नसलेला ढग मानतात. त्यामुळे पोचायची वेळ मिळते, तीही साधारण दहा तास इकडेतिकडे. वादळ केवढं, हे मिळत नाही.

मे २०२४ चंच पाहा. ९ तारखेला जी४ चा (जी१ ते जी५ या वादळांच्या मापावर) पूर्वइशारा निघाला, प्रत्यक्षात जी५ झालं, डीएसटी सुमारे −४०० पर्यंत घसरला. एकामागून एक निघालेल्या सीएमई वाटेत एकमेकींवर दाबल्या गेल्या आणि दक्षिण घटक ५० नॅनोटेस्लाच्या घरात गेला. हा दाब आधीपासून अचूक पकडणं हेच आजचं खरं अवघड काम आहे, आणि सूर्य व एल१ यांच्या मधल्या अंतरावर कायम पहारा देणारं यान नाही तोवर ते अवघडच राहणार. आदित्य-एल१ वर मॅग्नेटोमीटर आहे, पण तोही एल१ लाच.

अलिबागवाला:
सोलापूरसाठी केपी बाजूला ठेवा. तो वरच्या अक्षांशांच्या वेधशाळांवरून काढतात. एसवायएम-एच (डीएसटीसारखाच, पण दर मिनिटाचा निर्देशांक) पाहा, त्यात अलिबाग वेधशाळेची नोंदही धरलेली असते. सुरुवातीला तो वर उसळला तर घाबरू नका, तो आघाताचा दाब आहे. वादळ मोजायचं ते त्यानंतरच्या घसरणीवर.

आरटीकेला आपल्याकडे त्रास होतो तो मुख्यतः सूर्यास्तानंतरच्या आयनमंडलातल्या बुडबुड्यांचा (इलेक्ट्रॉन विरळ झालेल्या भागांचा), आणि ते मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वादळाशिवायही येतात. वादळाचा परिणाम वेळेवर ठरतो. बीझेड भारतीय संध्याकाळी, सहा ते आठच्या सुमारास, झपकन दक्षिणेला वळला तर पूर्वाभिमुख विद्युतक्षेत्र थर वर उचलतं आणि बुडबुडे फुटतात. तेच रात्री उशिरा झालं तर पुढच्या संध्याकाळी पुष्कळदा ते उलट दबतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये स्थानिक वेळेची अट घाला.

शेतात असताना खूण अशी: पश्चिमेकडच्या उपग्रहांचा सिग्नल आधी डळमळू लागतो, कारण बुडबुडे पूर्वेकडे सरकतात. फिक्स (सेंटिमीटरची अचूक स्थिती) सुटून फ्लोट (कमी अचूक स्थिती) आला की बेसपासूनचं (स्थिर रिसीव्हरपासूनचं) अंतर पाच किमीच्या आत आणा, आणि तरी जमलं नाही तर महत्त्वाचे बिंदू दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा.