छोट्या लॉ फर्ममधून मोठ्या आंतरराष्ट्रीय लॉ फर्ममध्ये गेलात? काय झालं ते सांगा

फोर्टकरीण

परवा भाचीने विचारलं, "मावशी, मोठ्या फर्ममध्ये गेल्यावर नक्की काय बदलतं गं?" ती पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधून नुकतीच पास झालीय. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पगारापलीकडे काही सुचेना. म्हणून हा धागा. माहितीपत्रकातलं नको, स्वतःवर गुदरलेलं लिहा. फर्मची नावं टाळा, आपल्यातले बरेच जण अजून तिथेच भाकरी खातात.

सुरुवात माझ्यापासून. २०१३ ते २०१९ मी फोर्टात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. सर, आम्ही पाच वकील, कोर्ट क्लार्क आणि एक टायपिस्ट बाई. फ्लॅटचा व्यवहार आला की इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) काढण्यापासून ते पक्षकाराच्या आजीला सब-रजिस्ट्रार कचेरीचा जिना चढवण्यापर्यंत सगळं आमच्याकडेच. बिल किती करायचं ते सर पक्षकाराच्या तोंडाकडे बघून ठरवत.

मग क्यूएलटीएस, म्हणजे परदेशी वकिलांना इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठीची परीक्षा, देऊन लंडन. (ती परीक्षा आता गेली, सप्टेंबर २०२१पासून तिच्या जागी एसक्यूई आहे.) पहिल्याच दिवशी टाइमशीट समोर आली, बिलासाठी वेळेचा हिशेब. तासाची दहा घरं, प्रत्येक घर सहा मिनिटांचं. फोन केला, ०.१. मेल वाचली, ०.१. संध्याकाळी बेरीज केली तर ३.४ तास! सकाळी नऊपासून खुर्ची सोडली नव्हती हो. राहिलेला दिवस गेला कुठे? फाइल सापडत नव्हती, कलम दोनदा वाचलं, प्रिंटर कळेना, आणि या सगळ्याचे पैसे पक्षकाराकडून कसे घ्यायचे म्हणून मीच ते सोडून दिले होते. शेजारची मुलगी म्हणाली, "कापायचं ते पार्टनर कापेल. तू आधीच कापू नकोस." मला मात्र दोन वर्षं लाज वाटत राहिली. खरं सांगायचं तर अजून वाटते.

दुसरी फजिती कायद्याची. एका करारात नोकरी सोडल्यावर सहा महिने स्पर्धकाकडे जायचं नाही असं कलम होतं. मी ठामपणे सांगून मोकळी झाले की हे टिकणारच नाही. आपल्या १८७२च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २७ (धंदा-नोकरीवर बंधन घालणारा करार रद्दबातल) हाडीमासी भिनलेलं. खोलीत शांतता. इंग्लंडमध्ये असं बंधन वाजवी असेल तर कोर्ट ते मान्य करतं, आणि त्या वाजवीपणावरच तिथल्या वकिलांची घरं चालतात. सह्यांच्या दिवशी मी हळूच विचारलं होतं, "स्टॅम्प पेपर?" तर म्हणे कसला स्टॅम्प पेपर. सह्यांची पानं मेलवर आली, संपलं. मला लग्न लागल्यासारखंच वाटेना.

आणि काम? एका कंपनीच्या विक्रीत माझ्या वाट्याला फक्त भाडेपट्टे आले. सहा आठवडे भाडेपट्टे. ती कंपनी नेमकं काय बनवते हे मला व्यवहाराची बातमी पेपरात आल्यावर कळलं.

संत्रानगरी

मी नागपूरचा. काकांच्या हाताखाली सात वर्षं दिवाणी कामं केली, आता सिंगापुरात आंतरराष्ट्रीय लवाद. पगाराचं, घरभाड्याचं सोडा, मला धक्का बसला तो घड्याळाचा. फोर्टकरीणताईंचं सहा मिनिटांचं नव्हे, वेगळंच.

आमच्याकडे साक्षीदार गावाहून यायचा, त्याला कॅन्टीनमध्ये चहा पाजायचा, चार वाजता पुकारा व्हायचा आणि पुढची तारीख. उलटतपासणी एका उन्हाळ्यात सुरू झाली तर दुसऱ्या उन्हाळ्यात संपणार. इथे मॅक्सवेल चेंबर्समधली (लवादाच्या सुनावण्या होतात ती इमारत) माझी पहिली सुनावणी सलग आठ दिवस. दोन्ही बाजूंना बुद्धिबळासारखं घड्याळ लावलेलं, ज्याचा वकील बोलतोय त्याचा वेळ कमी होतो. साक्षीदार उत्तर देतोय आणि त्याचे शब्द त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर उमटताहेत. मी सवयीप्रमाणे एक प्रश्न फिरवून तिसऱ्यांदा विचारायची चिठ्ठी सीनियरकडे सरकवली. तिने चिठ्ठीखाली लिहिलं, "चार मिनिटं. परवडतील?" नाही परवडली राजेहो.

पण एक सांगतो. साक्षीदार कधी खोटं बोलायला लागतो हे मला पडद्याआधी कळतं. ते काकांच्या कोर्टातलं शिक्षण, इथल्या पोरांकडे नाही. तक्रार एकच, मी उभा राहत नाही. पाच वर्षांत तोंडी युक्तिवाद मोजून चाळीस मिनिटं. नागपुरात तेवढं मी तारीख मागताना बोलायचो.

तिसऱ्या वर्षाला

बाळबोध प्रश्न, पण हे सगळं मुंबईतच राहून का नाही? त्या फर्म इथे का नाहीत?

फोर्टकरीण

अजिबात बाळबोध नाही. २००९ साली आपल्याच हायकोर्टाने ठरवलं की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, सल्ला देणं आणि मसुदे करणं हीसुद्धा वकिलीच. त्यामुळे परदेशी फर्मना इथे दुकान मांडता येईना. २०१८ला सुप्रीम कोर्टाने तेच उचलून धरलं, फक्त अधूनमधून येऊन परदेशी कायद्यावर सल्ला देऊन जायला हरकत नाही म्हटलं. बार कौन्सिलने (वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था) २०२३ला नियम आणून दार किलकिलं केलं, २०२५ला त्यात दुरुस्त्या केल्या. परदेशी कायदा आणि आंतरराष्ट्रीय लवाद चालेल. भारतीय कायदा आणि आपली कोर्टं नाहीत. तोवर आमच्यासारख्यांनी बॅगा भरल्या होत्या.

वकिलीणीचा नवरा

मी वकील नाही, पण अनुभव माझाही आहे. रात्री साडेअकराला बायको म्हणते "पंधरा मिनिटं". मी कुकर लावतच नाही. पूर्वी ठाण्याच्या फर्ममध्ये असताना ती घरी येऊन केसची गोष्ट सांगायची, सासू-सुना, बिल्डर, मजा यायची. आता विचारलं तर "बॉन्ड" एवढंच. मीही पुढे विचारत नाही.

उंटावरचा वकील

दुबई. आठ महिन्यांत घरी पाठवलं, म्हणून नाव हे.

कोल्हापुरात आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे सीनियर. पक्षकाराचा फोन आला की उत्तर तिथल्या तिथे. "बघून सांगतो" म्हटलं तर तो शेजारच्या वकिलाकडे जाणार. तीच सवय घेऊन गेलो. एका गुरुवारी रात्री पक्षकाराच्या बाईंनी मला एकट्यालाच मेल करून साधा प्रश्न विचारला, नोटीस आज द्यायची की मुदत संपल्यावर. मी करार उघडला, कलम बघितलं, चार ओळींत उत्तर दिलं आणि झोपलो. सकाळी माझ्या टेबलाशी पार्टनर आणि रिस्क विभागाची एक बाई. कुणी आवाज चढवला नाही. कोल्हापुरात सीनियरनी फाइल फेकून मारली असती आणि दुपारी पांढरा रस्सा खायला नेलं असतं. इथे नुसतं एक पत्रक भरून घेतलं. महिनाभराने प्रोबेशन वाढवलं, आणि मग एक दिवस पास चालेना.

राग त्याचा नाही. माझी चूक होती, इतक्या मोठ्या नावाखाली कुणीही उठून सल्ला पाठवायला लागला तर विमा कोण देईल. पण माझं उत्तर बरोबर होतं. तेच उत्तर तीन दिवसांनी, दोन पानं सावधगिरीच्या मजकुरासकट, पार्टनरच्या नावाने गेलं.

तिसऱ्या वर्षाला

बाप रे. आणि बिल?

उंटावरचा वकील

माझ्या चार ओळी, ०.३. दोन पानांचे तास मला बघायला मिळाले नाहीत.

कोथरूड रिटर्न्स

मी लंडनला चार वर्षं काढून परत आले. कारणं घरची, इथे नको.

मोठ्या फर्मचा एक फायदा कुणी लिहिला नाही. वकील म्हटलं की नातेवाईक फुकटचे कागद घेऊन येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. लंडनला असताना माझ्याकडे ब्रह्मवाक्य होतं: "फर्मची परवानगी नाही, आधी कॉन्फ्लिक्ट चेक करावा लागतो." (म्हणजे समोरच्या बाजूचं कामही आपल्याच फर्मकडे नाही ना, हे बघणं.) आत्या, मावश्या, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे गप्प. मृत्युपत्र नाही, बिल्डरला नोटीस नाही, काही नाही. चार वर्षं निवांत.

परत येऊन पाटी लावली त्याच संध्याकाळी मावशी दारात. फ्लॅट भाड्याने द्यायचाय, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करून दे, रजिस्टर पण तूच कर. जीभ सवयीची. मी म्हटलं, आधी कॉन्फ्लिक्ट बघायला हवा, भाडेकरू कोण आहे?

"अगं, तुझाच मामेभाऊ. त्याच्याही बाजूने तूच बघ म्हणालाय."