पीएसपीवरच्या ‘बर्थ बाय स्लीप’ची एवढी वाट पाहावी का?
(२०१० मधली, गेम इंग्रजीत येण्याआधीची ऑनलाइन चर्चा. पीएसपी म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं गेम मशीन, आणि ‘बर्थ बाय स्लीप’ हा ‘किंगडम हार्ट्स’ या गेम-मालिकेतला एक गेम.)

आर्वीकर
७ सप्टेंबर २०१० ला, पोळ्याच्या सुमारास, ‘किंगडम हार्ट्स: बर्थ बाय स्लीप’ इंग्रजीत येतोय. जपानात जानेवारीतच आला, आणि तिथले व्हिडिओ पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. ४८० बाय २७२ पिक्सेलचा स्क्रीन, १.८ जीबीची यूएमडी, म्हणजे पीएसपीची छोटी डिस्क, आणि त्यावर टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन २ कन्सोलच्या तोडीची पात्रं अन् लढाया! टेरा, व्हेन, अ‍ॅक्वा अशा तिघांच्या तीन कथा, हव्या त्या क्रमानं खेळा. ‘किंगडम हार्ट्स २ फायनल मिक्स’मध्ये २००७ ला चिलखतातले तीन योद्धे दाखवले होते, ते हेच. तेव्हापासून हे कोण, याचं उत्तर लोक शोधताहेत.
याला ‘साईड गेम’, म्हणजे मालिकेतला दुय्यम गेम, म्हणून कमी लेखू नका. आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये टीव्हीवरचा कन्सोल बंदच असतो. इथं हातातला गेम हाच मुख्य गेम.

दारव्हा_बॉय
भाऊ, दिसाले भारी हाय, त्याच्यात वादच नाई. पण या मालिकेच्या कथेचे किती तुकडे केले कंपनीवाल्याईनं? २००४ चा ‘चेन ऑफ मेमरीज’ गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर. ‘कोडेड’ जपानच्या मोबाईलवर. मागच्या वर्षी ‘३५८/२ डेज’ निन्टेन्डो डीएसवर. आता हा पीएसपीवर. एक गोष्ट पुरी समजाले माणसानं किती मशिना घ्याव्या? कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहत बसलेल्या घरातल्या पोरानं हे कसं करावं, सांगा. माह्या मते हा खेळणाऱ्यावर अन्याय हाय, अन् ग्राफिक्स चांगले म्हणून आपण तो माफ करून राह्यलो.

आर्वीकर
तुकड्यांचं म्हणणं मान्य. पण हा तुकडा सगळ्यात आधीचा आहे. पहिल्या गेमच्या, म्हणजे २००२ मध्ये आलेल्या गेमच्या कथेच्याही दहा वर्षं आधी घडतो. ज्यानं मालिकेतलं काहीच खेळलं नाही, त्याला इथून सुरुवात करता येते. आणि पीएसपीच्या गेमला प्रदेशाचं कुलूप नाही, अमेरिकेतून मागवलेली डिस्क इथल्या मशीनवर चालते.

पुलगाव_एक्सप्रेस
मला कथेपेक्षा हाताची काळजी आहे. पात्र किंवा कॅमेरा अंगठ्यानं फिरवायची अ‍ॅनालॉग काडी पीएसपीला एकच आहे, दुसरी नाही. कॅमेरा एल आणि आर बटणांनी फिरवायचा. कमांड डेकमधली, म्हणजे लढाईतल्या चालींच्या यादीतली, चाल निवडायची तर डावा अंगठा काडीवरून उचलून बाणांच्या बटणांवर न्यायचा, म्हणजे ऐन मारामारीत पात्र जागेवर उभं! हे व्हिडिओत दिसत नाही. शिवाय लोडिंग, म्हणजे डिस्कवरून खेळ उघडेपर्यंत थांबणं. मेमरी स्टिकवर डेटा इन्स्टॉल करायची सोय आहे, पण तेवढी जागा असलेलं कार्ड आधी घ्या. देखणेपणासाठी किती सोसायचं, यालाही हद्द असावी.

वणीची_ताई
पुलगाव दादा, कमांड डेक आहे म्हणून तर मला हा गेम हवाय. मोठ्या गेमचा मेनू जसाच्या तसा छोट्या स्क्रीनवर कोंबला नाही. चाली आपण आधीच रचायच्या, दोन चाली एकत्र करून तिसरी बनवायची. ‘शॉटलॉक’ला, म्हणजे लांबून नेम धरून मारायच्या चालीला, एल-आर दोन्ही दाबून धरले की झालं. कमी बटणं आहेत हे ओळखून लढाईच नव्यानं बांधली. मी तांत्रिक करामत म्हणते ती याला, केसांच्या चकाकीला नाही. हीच ओसाकाची टीम ‘चेन ऑफ मेमरीज’ प्लेस्टेशन २ वर नव्यानं करून बसली आहे, तिला हे काम कळतं.
आणि ‘मिराज अरीना’त, म्हणजे गेममधल्या एकत्र खेळायच्या भागात, सहा जण वायरलेसवर एकत्र खेळतात, नेट लागत नाही. आमच्या गावात नेटची जी गत आहे, त्यात याचं मोल मोठं आहे.

दारव्हा_बॉय
ताई, सहा जणाईले सहा पीएसपी अन् सहा डिस्का लागतीन. आमच्या गावात पीएसपी एकच हाय, ते बी माह्या मामेभावाची.

आर्वीकर
तरी एकट्याचा खेळ तीनदा पुरेल इतका आहे. लेनर्ड निमॉय आणि मार्क हॅमिल या हॉलिवूडच्या नटांचे आवाज आहेत, ते मला इंग्रजीतच ऐकायचे आहेत. आणि वावरातून हाक आली की स्विच वर सरकवायचा, खेळ तिथंच थांबतो. ही सोय मला मोठ्या कन्सोलवर कोणी देऊन दाखवावी.

पुलगाव_एक्सप्रेस
स्विचचं पटलं. अंगठ्याचं नाही. आधी कुणाच्या तरी मशीनवर तासभर लढून पाहीन, मगच पैसे काढीन.