घरगुती बिअरसाठी न उकळलेले पाणी: नळाचे चालेल की बाटलीबंद घ्यावे?

टेम्सकाठचा

नमस्कार. मी लंडनमध्ये राहतो आणि डब्यातल्या माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) अर्कापासून प्रथमच घरी बिअर करणार आहे. सूचनापत्रकानुसार १.७ किलो अर्क तीन लिटर उकळत्या पाण्यात विरघळवायचा आणि नंतर नळाचे थंड पाणी ओतून एकूण २३ लिटर करायचे. म्हणजे वीसेक लिटर पाणी न उकळताच पिंपात जाणार. चमच्यापासून झाकणापर्यंत प्रत्येक वस्तू निर्जंतुक करा असे एकीकडे बजावायचे आणि दुसरीकडे एवढे पाणी तसेच ओतायला सांगायचे, याची संगती मला लागत नाही. पावसाळ्यात पाणी उकळून, गाळून पिणाऱ्या घरात वाढल्यामुळे हे मला अधिकच खटकते. सर्वांत मोठे पातेले आठ लिटरचे आहे, त्यामुळे सगळे पाणी उकळून गार करण्यात अख्खा दिवस जाईल. त्यापेक्षा पाच लिटरचे बाटलीबंद पाणी आणणे योग्य ठरेल का? ते निर्जंतुक असते असे धरून चालावे का?

माल्टप्रेमी

आपली शंका रास्त आहे, परंतु धोका आपण ज्या बाजूला शोधत आहात तिथे तो फारसा नाही. ब्रिटनमधले नळाचे पाणी शुद्ध करूनच सोडलेले असते आणि नळापर्यंतच्या प्रवासात जंतू वाढू नयेत म्हणून त्यात थोडे क्लोरिन किंवा क्लोरामाइन राखलेले असते. असे पाणी निर्जंतुक नसले, तरी त्यात उरलेले मोजके जीव बिअर नासवणाऱ्या जातींचे सहसा नसतात. आंबटपणा आणणारे लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकोकस किंवा रानटी यीस्ट ही मंडळी येतात ती मुख्यतः धुळीतून, धान्याच्या भुकटीतून आणि नीट न धुतलेल्या तोट्या व नळ्यांमधून. म्हणूनच उपकरणांबाबतचा कडकपणा आणि पाण्याबाबतची सवलत यांत विसंगती नाही.

खरी अडचण आहे ती जंतू मारणाऱ्या त्या क्लोरिनचीच. माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि यीस्टमधून येणाऱ्या फिनॉल वर्गातील संयुगांशी त्याचा संयोग झाला की क्लोरोफिनॉल तयार होतात आणि ते अब्जांशांत मोजावे इतके कमी असले, तरी बिअरला दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा वास येतो. हा वास कितीही दिवस मुरवून जात नाही. नुसते क्लोरिन असेल तर पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवल्याने किंवा उकळल्याने बरेचसे उडून जाते; क्लोरामाइन मात्र तसे सहज जात नाही. यावर सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे कॅम्पडेन गोळी. हे सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असते. २३ लिटरसाठी अर्धी गोळी कुस्करून, पाण्यात ढवळून काही मिनिटे थांबावे, की दोन्ही निष्प्रभ होतात. हे अर्क मिसळण्यापूर्वी करावे. घरात कोणाला सल्फाइटचा त्रास होत असेल, तर सक्रिय कोळशाच्या गाळणीतून पाणी अगदी सावकाश सोडावे.

बाटलीबंद पाण्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्यावर ‘नॅचरल मिनरल वॉटर’ असे लिहिलेले असते, त्या पाण्याचे निर्जंतुकीकरण करायला ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या नियमांनुसार परवानगीच नाही. झऱ्यातले निरुपद्रवी जिवाणू त्यात असतात आणि बाटलीत ते वाढतातही. क्लोरिन नसणे हा या पाण्याचा खरा फायदा आहे; तेवढ्यासाठी चार बाटल्या वाहून आणायच्या की अर्धी गोळी वापरायची, हे आपण ठरवावे.

लंडनच्या जड पाण्याची चिंता आपल्याला सध्या नको, कारण अर्क तयार करणाऱ्याने खनिजांचा मेळ आधीच साधलेला असतो. पुढे धान्यापासून बिअर कराल तेव्हा त्यातल्या बायकार्बोनेटकडे पाहावे लागेल. मी बर्मिंगहॅममध्ये राहतो. इथे १९०४ पासून वेल्समधल्या एलान खोऱ्याचे मृदू पाणी येते, म्हणून फिकट बिअर सहज जमते. तासाभराच्या अंतरावरचे बर्टन हे गाव मात्र जिप्समयुक्त जड पाण्यामुळेच पेल एल या बिअरच्या प्रकारासाठी नावाजले गेले.

सूक्ष्मजीव

वरील उत्तराला एक जोड देते. तयार बिअरमध्ये माणसाला आजारी पाडणारे जंतू टिकत नाहीत, कारण तिचा सामू (pH) साधारण ४ ते ४.५ असतो आणि अल्कोहोल, हॉप्सची कडवट द्रव्ये व प्राणवायूचा अभाव हे सारे एकत्र काम करतात. परंतु यीस्ट पडण्यापूर्वीच्या गोड द्रवाला यांपैकी हॉप्सखेरीज कोणतेच कवच नसते. त्यामुळे न उकळलेले पाणी वापरणार असाल, तर पाणी ओतल्यावर तापमान २० अंशांच्या आसपास येताच भरपूर, ताजे यीस्ट घालावे. ते उद्यावर ढकलू नये. न उकळलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो आणि वाढीच्या सुरुवातीला यीस्टला तो हवाच असतो, हा त्याचा एक लाभही आहे. पाणी थंड नळाचेच घ्यावे, गरम पाण्याच्या टाकीतले नको.

विहिरीच्या किंवा खाजगी बोअरच्या पाण्याला मात्र यांतले काहीही लागू होत नाही. ते तपासून घ्यावे आणि उकळूनच वापरावे. शिवाय लोह असेल तर उकळूनही धातूसारखी चव राहते.

टेम्सकाठचा

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक विचारतो. बाटल्या भरताना फेसासाठी साखर विरघळवायची असते. तिथेही नळाचे पाणी तसेच चालेल का? आणि बिअर फार कडक झाली, तर शेवटी पाणी घालून सौम्य करता येईल का?

माल्टप्रेमी

नाही, दोन्ही ठिकाणी पाणी उकळूनच घ्यावे. किण्वन (यीस्टने साखरेचे अल्कोहोल करणे) संपल्यावर प्राणवायू हा बिअरचा शत्रू होतो, त्याने तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते आणि उकळल्याने पाण्यातला हा वायू बराचसा निघून जातो. साखर दोन कप पाण्यात पाच मिनिटे उकळून, झाकून गार करावी. सौम्य करण्याचे पाणीही आधी गोळी टाकून मग उकळावे आणि झाकूनच गार करून, न खळबळता, नळीने तळाशी सोडावे.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही, आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना ती करणे गुन्हा आहे.