जॅग्वार एक्सजे-एस: सगळ्यांनी नाकारलेली गाडी घ्यावी का?

संथप्रवासी

जुन्या आलिशान गाड्यांचा विषय निघाला की जॅग्वारचीच गाजलेली स्पोर्ट्स कार ई-टाईप आणि रोल्स-रॉईस यांच्या पुढे चर्चा जातच नाही. मला एक्सजे-एसची बाजू मांडायची आहे.

१९७५ साली ती आली तेव्हा लोकांना ई-टाईपचा वारस हवा होता. तेलसंकट नुकतंच येऊन गेलेलं, आणि समोर आली ५.३ लिटरची, बारा सिलिंडरची, आरामात लांबचा पल्ला गाठणारी लांबलचक गाडी. मागच्या काचेच्या दोन्ही अंगांनी छतापासून डिकीकडे उतरणारे पत्र्याचे ते पंख तर अनेकांना अजिबात रुचले नाहीत. गंमत बघा, त्या आकारामागे माल्कम सेयर होते, ज्यांनी ई-टाईप घडवली तेच! १९७० मध्ये ते गेले, त्यांना ही गाडी रस्त्यावर बघायलाही मिळाली नाही. एकाच माणसाच्या एका गाडीला डोक्यावर घेतलं आणि दुसरीला नाकं मुरडली. तरी ती १९९६ पर्यंत बनत राहिली.

मी पहिल्यांदा चालवली ती सुरुवातीच्या काळातली होती. वेगाच्या आणि आरपीएमच्या गोल तबकड्यांच्या मधोमध चार छोटे उभे मापक: तापमान, तेलाचा दाब, इंधन, बॅटरी. सिग्नलला थांबलो तेव्हा इंजिन चालू आहे ना, हे मी आरपीएमच्या काट्यावरून खात्री करून घेतलं. हे सुख ई-टाईपच्या किमतीच्या अंशात मिळत असेल तर का सोडायचं?

पाना_बारा

धागा आवडला, पण मत अजिबात पटलं नाही. मी जुन्या गाड्यांचीच कामं करतो. ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहे.

तुम्ही म्हणता ती उपेक्षित आहे म्हणून स्वस्त. पण ती वर्षानुवर्षं स्वस्त होती म्हणूनच तिची हेळसांड झाली, हे का विसरता? किंमत पडली की गाडी अशा माणसाच्या हातात जाते ज्याला घेणं परवडतं, पोसणं नाही. मग तो काय करतो? कूलंटऐवजी नुसतं पाणी भरतो. इंजिन अख्खं ॲल्युमिनियमचं. आतून झीज होते, गाळ साचतो, रेडिएटर तुंबतो, आणि एकदा का व्ही-१२, म्हणजे हे बारा सिलिंडरचं इंजिन, नीट तापलं की हेडमधली (इंजिनच्या वरच्या भागातली) व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर टेकते ती कडी, निसटू शकते. सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत इंधनाचे रबरी पाइप असतात. तिथल्या उष्णतेने ते कडक होऊन तडकतात. खाली काय तापलेलं असतं ते सांगायला नको. पुढचे प्लग एसीच्या कॉम्प्रेसरखाली, म्हणून "राहू दे पुढच्या वेळी" म्हणत तेही वर्षानुवर्षं तसेच. मागच्या ब्रेकच्या डिस्क चाकाजवळ नाहीत, आत डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला, चिकटून. १९९३ मध्ये त्या बाहेर आणल्या, तोवरच्या गाड्यांत डिस्क बदलायची तर बहुतेक वेळा मागचा सगळा सांगाडा खाली उतरवावा लागतो.

दुरून डोंगर साजरे, भाऊ.

मीरा_चक्रधर

पाना_बारांशी सहमत, पण अर्धीच. दोष सांगितले ते खरे, मात्र ते सगळ्या एक्सजे-एसना सारखे लागू नाहीत. १९८३ पासून ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिनही मिळू लागलं. बॉनेट उघडलं की हात घालायला जागा दिसते, आणि समोरचा भार कमी झाल्याने वळणावर गाडी हलकी वाटते. बारा सिलिंडरच हवे असतील तर १९८१ नंतरची एचई (हाय एफिशियन्सी, म्हणजे कमी इंधन पिणारी) बघावी. मायकेल मे यांच्या रचनेच्या हेडमुळे तिची तहान बरीच आवरली.

आणि जिला निव्वळ दिखाऊ म्हणून हिणवलं, तिनेच १९८४ साली शर्यतपटू टॉम वॉकिन्शॉ यांना युरोपियन टूरिंग कार शर्यतींचं विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यतही जिंकली. गाडीचा पाया कच्चा असता तर हे जमलं नसतं.

स्थिरचित्त

ज्यांना फक्त आरामशीर जुनी गाडी हवी त्यांनी मर्सिडीजची डब्ल्यू१२६ (त्या काळातली एस-क्लास) घ्यावी. १९७९ ते १९९१ इतका काळ बनली, त्यामुळे निवडायला भरपूर आहेत. रोज वापरता येते. मुद्दा संपला.

संथप्रवासी

@स्थिरचित्त, डब्ल्यू१२६ उत्तमच आहे, पण तिला उपेक्षित कोण म्हणेल? तिच्या दर्जाबद्दल कुणाला शंका नव्हतीच.

@पाना_बारा, तुमचा हेळसांडीचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. मी घेतलेल्या गाडीत आधीच्या मालकाने साधं पाणीच भरलेलं होतं. पहिल्या आठवड्यात रेडिएटर उतरवला तर तळाच्या नळ्यांतून तपकिरी चिखल निघाला. नवीन कोअर बसवला, इंधनाचे सगळे पाइप बदलले, मगच पहिला लांबचा प्रवास केला. त्याचा खर्च मी किमतीतच धरला होता, म्हणून आजही पस्तावा नाही. पण पंख कुरूप म्हणून कुणी नाही म्हटलं तर मी वाद घालणारच. पावसात मागून चालत जाऊन बघा, पाण्याचे थेंब त्या पंखांवरून ओघळत डिकीच्या कडेला कसे येतात ते.

पाना_बारा

पंखांवर वाद नाही, मलाही आवडतात. तुम्ही रेडिएटर आधी उतरवलात, हजारात एखादा तसं करतो. बाकीचे आधी पॉलिश करतात आणि मग माझ्याकडे टोचन करून आणतात. माझी अट तीच राहील: विकणारा रेडिएटर आणि मागचे सस्पेन्शन आर्म बसतात तिथला पत्रा नीट तपासू देत नसेल, तर गाडी कितीही चकचकीत असो, तिथून निघायचं.